सुसान्नाबाई वेस्ली व त्यांची घरची शाळा

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ माता आपल्या मुलांस घरींच शिकवितात. कोठें शाळा दूर असते, कोठें पावसाळ्यांत ओढ्याची वाट बंद होते, आणि कोठें शाळा जवळ असूनहि शास्त्रपाठ, प्रार्थना व गायन हीं आईलाच शिकवावीं लागतात. हें काम आरंभीं मोठ्या उल्हासानें होतें. पुढें चूल, पाणी, शेतकाम, तान्हें मूल व घरांतील दुखणीं ह्यांच्या ओझ्याखालीं तो उल्हास ओसरतो. आई शिकवितां शिकवितां चिडूं लागते, रात्रीं तिलाच त्याचें वाईट वाटतें, आणि एके दिवशीं पाटी कोनाड्यांत जाते ती पुन्हां खालीं येत नाहीं. अशा मातेस आम्ही आळशी म्हणत नाहीं. ती थकली आहे, आणि थकलेल्या माणसास दोष देऊन त्याचा थकवा जात नाहीं. म्हणून ह्या अंकीं आम्ही एका अशा मातेचें चरित्र सादर करितों कीं, जिनें अठराविश्वे दारिद्र्य, आजार व मृत्यु घरांत वावरत असतां सुमारें वीस वर्षें हेंच काम चालविलें, आणि तें करितांना ती खचून गेली नाहीं.

सुसान्नाबाई वेस्ली हें नांव पुष्कळ वाचकांनीं ऐकिलें असेल. मेथडिस्ट मंडळीचे संस्थापक जॉन वेस्ली व हजारों ख्रिस्ती गीतांचे कर्ते चार्ल्स वेस्ली ह्या दोघां बंधूंच्या त्या मातुश्री. विल्यम टेलरसाहेब १८७१ सालीं मुंबईस आले, व त्यांच्या उपदेशानें मेथडिस्ट मंडळीचें काम आमच्या भागांत सुरू झालें. त्या कामाचें मूळ शोधीत मागें गेलें तर आपण इंग्लंडांतील एका आडगांवच्या पाळकाच्या घरीं, एका आईच्या शिकवणीपर्यंत जाऊन पोहोंचतों. परंतु आज आम्हांस पुत्रांची कीर्ति गावयाची नाहीं. आईचे कष्ट व त्यांतील तिचें शहाणपण सांगावयाचें आहे.

सुसान्नाबाईंचा जन्म लंडन शहरीं ता. २० जानेवारी १६६९ रोजीं झाला. त्यांचे वडील डॉक्टर सॅम्युएल अ‍ॅन्स्ली हे विद्वान व निर्भीड पाळक होते. १६६२ सालीं इंग्लंडांत असा कायदा झाला कीं, राजमान्य मंडळीच्या प्रार्थनापुस्तकास पूर्ण संमति न देणाऱ्या पाळकांनीं आपल्या जागा सोडाव्या. त्या वेळीं सुमारें दोन हजार पाळक बाहेर पडले; त्यांत अ‍ॅन्स्लीसाहेब होते. त्यांस पंचवीस अपत्यें झालीं व सुसान्ना त्यांतील शेवटचें, असें सांगतात. ही मुलगी कोणत्याहि नांवाजलेल्या शाळेंत गेली नाहीं. तिची शाळा म्हणजे वडिलांची अभ्यासाची खोली, तेथील ग्रंथ, व घरीं येणाऱ्या विद्वान मंडळींचें संभाषण. तेराव्या वर्षाच्या सुमारास तिनें दोन्ही पक्षांचा विचार करून वडिलांचा पंथ सोडला व राजमान्य मंडळी पत्करिली. आणि वडिलांनीं तिच्यावर जुलूम केला नाहीं. जिला लहानपणीं विचार करूं दिला, तिनेंच पुढें आपल्या मुलींसहि विचार करावयास शिकविलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१६८८ सालीं एकोणिसाव्या वर्षीं त्यांचा विवाह रेव्हरंड सॅम्युएल वेस्ली ह्यांजशीं झाला. १६९० पासून १७०९ पर्यंत त्यांस एकोणीस अपत्यें झालीं. त्यांपैकीं नऊ बाळपणींच गेलीं. तीन मुलगे व सात मुली एवढीं वाढलीं. एक तान्हें बाळ तर दाईच्या अंगाखालीं झोंपेंत गुदमरून गेलें. ज्या बाईनें नऊ लहान शवपेट्या घरांतून बाहेर जातांना पाहिल्या, तिच्या शाळेची शिस्त वाचतांना हें दुःख आपण विसरूं नये. ती शिस्त दगडी मनाच्या बाईची नव्हती.

लिंकनशायर परगण्यांतील एपवर्थ हें गांव दलदलीच्या मुलखांत होतें. तेथें सुमारें १६९७ पासून वेस्लीसाहेब पाळक झाले. ते सज्जन, कष्टाळू व कवि होते. परंतु व्यवहार त्यांस साधला नाहीं व कर्ज त्यांच्या मानेवरून कधीं उतरलें नाहीं. स्वभावहि मोठा करारी. राजा विल्यम ह्याजकरितां केलेल्या प्रार्थनेस पत्नीनें आमेन म्हटलें नाहीं, एवढ्यावरून ते घर सोडून कांहीं महिने लंडनास जाऊन राहिले. मुलांचा सारा भार त्या काळांत बाईंवर पडला. १७०२ सालीं राजा वारला व पुढें पतिपत्नींचा समेट झाला. दुसऱ्या वर्षीं जून महिन्यांत जॉनचा जन्म झाला. १७०५ सालीं निवडणुकीच्या वैरामुळें एका सावकारानें सुमारें तीस पौंडांच्या कर्जाकरितां वेस्लीसाहेबांस लिंकन येथील तुरुंगांत टाकविलें. मागें घरच्या गाई शत्रूंनीं भोंसकल्या. लेंकरांचें दूध तुटलें. बाईंनीं आपल्या आंगठ्या पतीकडे तुरुंगांत पाठविल्या, कीं त्या विकून खर्च चालवावा. पतीनें त्या परत केल्या. यॉर्कचे आर्चबिशप शार्प ह्यांनीं बाईंस विचारिलें कीं, तुम्हांस कधीं भाकरीची वाण पडली काय? त्यांनीं उत्तर केलें कीं, भाकरी अगदींच मिळाली नाहीं असें झालें नाहीं. परंतु ती मिळवितांना व मिळाल्यावर तिचे पैसे देतांना इतकी यातायात पडे कीं ती गोड लागत नसे. त्या दयाळू धर्माध्यक्षांनीं पुष्कळ साह्य केलें. बाईंचे एक बंधु ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत आमच्याच पश्चिम किनाऱ्यावर सुरतेस होते, व तेथील वखारीचे मुख्य झाले होते. त्यांजकडून मोठें द्रव्य येईल अशी आशा घरांत होती, पण ती कधीं फळास आली नाहीं.

अशा घरांत ही शाळा चाले. तिची रीति पुढें जॉनच्या विनंतीवरून बाईंनीं स्वतः १७३२ सालच्या जुलैंत एका लांब पत्रांत लिहून ठेविली, म्हणून ती आपल्यास बारकाव्यानिशीं ठाऊक आहे.

पांच वर्षें पुरीं होईपर्यंत मुलास अक्षर शिकवावयाचें नाहीं, असा त्यांचा नियम होता. पांचवा वाढदिवस झाला कीं दुसऱ्या दिवशीं त्याचा विद्यारंभ. आदल्या दिवशीं घर आवरून ठेवावयाचें, ज्याचें त्याचें काम ज्यास त्यास वांटून द्यावयाचें, आणि सर्वांस ताकीद द्यावयाची कीं, सकाळीं नऊपासून बारापर्यंत व दुपारीं दोनपासून पांचपर्यंत ह्या खोलींत कोणीं यावयाचें नाहीं. ह्या सहा तासांत त्या मुलास सारीं मुळाक्षरें शिकवीत. बहुतेक सर्व मुलें एका दिवसांत शिकलीं. मेरी व ॲन ह्या दोघींस दीड दिवस लागला, आणि आईस त्या वेळीं त्या मंद वाटल्या. परंतु इतर ठिकाणच्या मुलांस अक्षरें शिकावयास किती काळ लागतो हें पुढें पाहिल्यावर आपलें मत आपण बदललें, असें त्यांनींच लिहिलें आहे. थोरला सॅम्युएल तर जवळजवळ पांच वर्षांचा होईपर्यंत बोललाच नव्हता. त्यास पहिल्या दिवशीं अक्षरें येतांच दुसऱ्या दिवशीं उत्पत्तीच्या पुस्तकाचें पहिलें वचन पुढें ठेविलें. तें अक्षर अक्षर जोडून वाचावयाचें, पुन्हां पुन्हां वाचावयाचें, व बिनचूक आल्यावांचून दुसऱ्या वचनास हात लावावयाचा नाहीं.

धाकटी केझिया हिच्या वेळीं मात्र पतीच्या आग्रहामुळें हा नियम मोडला व तिला पांच वर्षांच्या आधींच बसविलें. परिणाम असा झाला कीं, इतरांस जितके महिने लागले त्याहून अधिक वर्षें तिला लागलीं. जे आईबाप शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून आपल्या तीन वर्षांच्या लेंकराच्या हातीं पाटी देतात, त्यांनीं केझियाची गोष्ट आठवावी. घाई केल्यानें मूलहि थकतें व आईहि थकते. मात्र आमची बाराखडी इंग्रजी अक्षरांहून फार मोठी आहे. तेव्हां ती एका दिवसांत यावी असा हट्ट कोणींहि धरूं नये.

शाळेच्या तासांत मोठ्यानें बोलणें किंवा खेळणें नसे. परवानगीवांचून अंगणांत धांवत जाणें हा मोठा अपराध गणीत. जेवणाच्या वेळा ठरलेल्या; मधल्या वेळीं खाणें नाहीं. संध्याकाळीं सहा वाजतां कौटुंबिक प्रार्थना, मग जेवण, सात वाजतां लहानांपासून अंग धुण्यास आरंभ, व आठाच्या आंत सर्व मुलें अंथरुणांत. लेंकरें झोंपेपर्यंत कोणीं उशाशीं बसून राहावयाचें नाहीं. हें वाचून कोणास वाटेल कीं ही बाई मुलांपेक्षां घड्याळावर अधिक प्रीति करीत होती. परंतु थोडा विचार करावा. आठ वाजतां घर शांत झालें म्हणजे मागची रात्र आईची. त्या रात्रींत ती पत्रें लिही, हिशेब पाही, वाची, प्रार्थना करी. मुलांच्या झोंपेची वेळ ठरलेली नसती, तर आईच्या विसाव्याची वेळहि कधीं आली नसती.

त्यांचे कांहीं नियम फार सुंदर आहेत. जें मूल आपण होऊन आपला अपराध कबूल करील त्यास मार द्यावयाचा नाहीं. कारण शिक्षेच्या भयानेंच मुलें लबाड बोलावयास शिकतात. एका अपराधाबद्दल दोनदां शिक्षा नाहीं, व शिक्षा झाल्यावर मागचें उकरून काढावयाचें नाहीं. मुलानें संतोषविण्याच्या हेतूनें कांहीं केलें व तें नीट साधलें नाहीं, तरी त्याचा हेतु पाहून तें प्रेमानें स्वीकारावयाचें. एकाची वस्तु, मग ती टांचणीएवढी असो, दुसऱ्यानें घ्यावयाची नाहीं. दिलेलें वचन पाळावयाचें. आणि मुलीस नीट वाचतां येईपर्यंत शिवणकामास बसवावयाचें नाहीं. हा शेवटचा नियम तीनशें वर्षांपूर्वींचा आहे! स्त्रियांस वाचतां न येण्याचें मुख्य कारण हेंच, कीं त्यांस फार लवकर कामास जुंपितात, असें बाईंचें मत होतें. आमच्या खेड्यांत भावंडें संभाळण्याकरितां व भाकरी थापण्याकरितां मुलीची पाटी काढून घेणाऱ्यांनीं ह्याचा विचार करावा. त्यांच्या घरीं हेटी नांवाच्या मुलीनें आठव्या वर्षीं ग्रीक भाषेंतील नवा करार वाचला, असें चरित्रकार सांगतात.

धीराविषयीं एक गोष्ट जॉन वेस्ली स्वतः सांगत असत. एकदां आई एका मुलास एकच गोष्ट वीस वेळां सांगत होती. वडील जवळ बसले होते. त्यांनीं विचारिलें कीं, ह्या ठोंब्यास वीस वेळां तेंच तें सांगण्याचा धीर तुला होतो तरी कसा? तिनें उत्तर केलें कीं, एकोणीस वेळां सांगून थांबलें असतें तर ते सारे श्रम वायां गेले असते.

पण हा धीर येई कोठून? येथेंच ह्या चरित्राचें मर्म आहे. सुसान्नाबाई पोलादाच्या नव्हत्या. त्या वारंवार आजारी पडत. परंतु तरुणपणींच त्यांनीं असा निश्चय केला होता कीं, करमणुकींत जेवढा वेळ जाईल त्याहून कमी वेळ एकांतांतील प्रार्थनेस द्यावयाचा नाहीं. पुढें संसार वाढला तरी सकाळीं एक तास व संध्याकाळीं एक तास त्या दार लावून देवापुढें बसत. डोक्यावर आपलें एप्रन ओढून घेतलें कीं आई प्रार्थनेंत आहे असें मुलांनीं समजावें, अशी एक गोष्ट लोकांत फार सांगितली जाते. ती मागाहूनच्या सांगणाऱ्यांची आहे. त्यांच्या स्वतःच्या लेखांत दिसतो तो ठरलेला तास व बंद दार. त्या वेळीं मनांत आलेले विचार त्या वहींत लिहून ठेवीत. म्हणजे सहा तास देणाऱ्या ह्या बाईनें दोन तास घेण्याची लाज बाळगिली नाहीं. विहिरींतून पाणी काढावयाचें तर झऱ्यास वेळ द्यावा लागतो.

१७०९ सालच्या फेब्रुवारीच्या ९ व्या तारखेस रात्रीं घरास आग लागली. बाईंची प्रसूति अगदीं जवळ आली होती. त्या ज्वाळांतूनच बाहेर पडल्या. साडेपांच वर्षांचा जॉन माडीवर राहिला. खालीं एकाच्या खांद्यावर दुसरा उभा राहून लोकांनीं त्यास खिडकींतून काढिलें, आणि इतक्यांत छप्पर कोसळलें. घर, ग्रंथ, कागद, कपडे, सर्व जळालें. घर पुन्हां बांधून होईपर्यंत मुलें निरनिराळ्या घरीं ठेवावीं लागलीं. तेथें त्यांस कोणीं आवरलें नाहीं. तीं अश्लील गाणीं, गांवठी शिव्या व उद्धट बोलणें शिकलीं, आणि प्रभूचा दिवस पाळण्याचें विसरलीं. इतक्या वर्षांचें काम थोड्या महिन्यांत मोडलेलें पाहून दुसरी आई कपाळास हात लावून बसली असती.

सुसान्नाबाईंनीं पुन्हां आरंभ केला. परंतु जुना भार जसाच्या तसा उचलला नाहीं. त्यांनीं कामाची वांटणी केली. शाळा भरतांना व सुटतांना सर्वांनीं मिळून स्तोत्र गावें असें ठरविलें. संध्याकाळीं पांच वाजतां सर्वांत मोठ्या मुलानें बोलूं लागलेल्या सर्वांत लहानास घ्यावें, दुसऱ्यानें त्याच्या वरच्यास, अशा जोड्या करून मोठ्यांनीं लहानांस त्या दिवसाचीं स्तोत्रें व नव्या करारांतील एक अध्याय वाचून दाखवावा. सकाळीं न्याहारीपूर्वीं तसाच जुन्या करारांतील एक अध्याय. ह्यानें मोठ्यांचा पाठ पक्का झाला, लहानांस ताई व दादा ह्यांच्यापासून शिकण्याची गोडी लागली, आणि आईचा घसा वांचला. जळालेल्या कागदांच्या जागीं त्यांनीं मुलांकरितां नवे पाठ लिहिले. १७१० च्या जानेवारींत सुसान्ना नांवाच्याच आपल्या मुलीकरितां प्रेषितांच्या मतांगीकाराचें सविस्तर विवरण लिहिलें, व मागाहून दहा आज्ञांचें. एकदां लिहिलेला पाठ दहांच्या उपयोगी पडतो, हाहि श्रम वांचविण्याचा एक मार्ग आहे.

ह्यानंतर जी गोष्ट घडली ती आम्हां हिंदी ख्रिस्ती लोकांस विशेष प्रिय वाटेल. १७०६ सालीं झीगेनबाल्ग व प्लूचौ हे दोघे मिशनरी डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयानें तामिळ देशांतील तरंगंबाडी येथें आले होते. त्यांच्या कामाची हकीकत इंग्रजींत छापली गेली. तें पुस्तक थोरल्या एमिलियास वडिलांच्या खोलींत सांपडलें व तिनें तें आईस वाचून दाखविलें. आईचें अंतःकरण पेटलें. कित्येक दिवस त्यांस दुसरें कांहीं सुचेना. आपण पुरुष नाहीं व पाळकहि नाहीं, तरी आपल्या हातीं दिलेल्या जीवांकरितां आपल्यास अधिक कांहीं करितां येईल, असें त्यांच्या मनानें घेतलें. परंतु त्यांनीं शाळेचे तास वाढविले नाहींत, नवीं पुस्तकेंहि आणिलीं नाहींत. दर रात्रीं एका मुलाशीं एकट्यानें बोलत बसावें, एवढेंच ठरविलें. सोमवारीं मेरी, मंगळवारीं हेटी, बुधवारीं ॲन, गुरुवारीं जॉन, शुक्रवारीं मार्था, शनिवारीं चार्ल्स, आणि रविवारीं एमिलिया व सुसान्ना. दहा मुलांच्या घरांत प्रत्येकास आठवड्यांतून एकदां आपली आई आपल्यापुरती मिळूं लागली. ह्या गुरुवारच्या रात्रींचें मोल जॉनला कळलें होतें. ऑक्सफर्ड येथें विद्वान म्हणून मान्यता पावल्यावर त्यानें आईस लिहून कळविलें कीं, पूर्वीं जो गुरुवारचा वेळ मला देत होतां तो आतां माझ्याकरितां प्रार्थना करण्यांत द्यावा. तरंगंबाडीच्या वाळूंत पेरलेलें बीं एपवर्थच्या स्वयंपाकघरांत उगवलें, आणि त्याच्या फळांतून आमच्या देशास वांटा मिळाला. देवाचे हिशेब असे असतात.

त्याच हिवाळ्यांत, १७११-१२ सालीं, वेस्लीसाहेब धर्मसभेकरितां लंडनास गेले असतां बाई रविवारीं संध्याकाळीं मुलांस व चाकरांस प्रवचन वाचून दाखवीत. शेजारी येऊं लागले. प्रथम तीस चाळीस, मग दोनशेंपर्यंत, आणि जागा नाहीं म्हणून कित्येक परत गेले. साहाय्यक पाळकास हें रुचलें नाहीं. त्यानें पतीकडे गाऱ्हाणें लिहिलें. पतीनें बंद करण्याविषयीं सुचविलें. बाईंनीं नम्रपणें कळविलें कीं, ह्या लोकांस मना करण्याचा जाब देवापुढें द्यावा लागेल. तेव्हां आपली केवळ इच्छा कळवूं नये, स्पष्ट आज्ञा करावी. तशी आज्ञा कधीं आली नाहीं.

आतां ह्या चरित्रांतील उणी बाजूहि सांगितली पाहिजे. वर्षाचें झालेलें मूल, व कांहीं तर त्याआधींच, छडीस भिऊन हळू रडावयास शिके, असें बाई स्वतः लिहितात. त्या काळीं असेंच सर्वत्र मानीत. पण आम्हीं तें उचलूं नये. आमच्या देशांत २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळेंत मुलास मारण्याची मनाई केली आहे. शाळेंत जें मना तें घरीं तरी कां करावें? दुसरें असें कीं, त्यांच्या मुली विद्वान झाल्या, पण त्या विद्येस त्या काळच्या समाजांत जागा नव्हती. बुद्धिमान हेटीचा विवाह १७२५ सालीं अगदीं विजोड ठिकाणीं झाला व ती दुःखांत पडली. पित्यानें तिला क्षमा केली नाहीं. मेरी लग्नानंतर थोड्याच काळानें १७३४ सालीं वारली. आईनें सर्व केलें म्हणून सर्व मुलें सुखी होतीलच असें नाहीं. हें सत्य कडू आहे, परंतु ज्या माता मुलाच्या प्रत्येक दुःखाचा दोष स्वतःस लावून झिजतात, त्यांस तें सोडविणारेंहि आहे. पेरणें आपल्या हातीं. पाऊस आपल्या हातीं नाहीं.

मुलगे एकामागून एक बाहेर शाळेस गेले. सॅम्युएल १७०४ सालीं, जॉन १७१४ सालीं, चार्ल्स १७१६ सालीं. १७३५ सालच्या एप्रिलांत वेस्लीसाहेब वारले व बाईंस तें पाळकघर सोडावें लागलें. मग त्या आळीपाळीनें मुलांकडे राहिल्या. शेवटीं १७३९ पासून लंडन येथें फाउंडरी नांवाच्या इमारतींत जॉनजवळ. तेथें एक प्रसंग घडला तो आमच्या उपदेशकबंधूंनीं विसरूं नये. टॉमस मॅक्सफील्ड नांवाचा एक तरुण, पाळकाची दीक्षा नसतां उपदेश करूं लागला. जॉन रागावून त्यास बंद करावयास आले. वृद्ध आईनें सांगितलें कीं, सांभाळून वाग. तुला देवाचें पाचारण आहे तितकेंच निश्चित ह्यासहि आहे. त्याच्या कामाचें फळ पाहा व स्वतः त्याचें ऐक. जॉननें ऐकिलें व मान्य केलें. अशा रीतीनें दीक्षा नसलेल्या उपदेशकांस त्या मंडळींत वाट मिळाली. घरची शाळा कधींच संपली होती, पण शिक्षिकेचें काम संपलें नव्हतें.

१७४२ सालच्या जुलैंत सुसान्नाबाई देवाघरीं गेल्या. आपला प्राण सुटतांच मुलांनीं देवाच्या स्तुतीचें स्तोत्र गावें, अशी त्यांनीं विनंति केली होती, व भोंवतीं उभ्या असलेल्या मुलांनीं ती पाळिली. ता. १ आगस्ट रोजीं लंडन येथील बनहिल फील्ड्स ह्या स्मशानभूमींत मोठ्या समुदायापुढें जॉननें आईस मूठमाती दिली. आगीनंतर बांधलेलें एपवर्थचें विटांचें घर आजहि उभें आहे व लोक तें पाहावयास जातात.

प्रिय भगिनींनो, ह्या चरित्रावरून आम्हांस जें दिसतें तें थोडक्यांत सांगतों. लवकर सुरू करण्याची घाई करूं नका. थोडा वेळ ठरवा, पण तो मोडूं देऊं नका. आणि तो संपला कीं शिकविणें संपवा. सुसान्नाबाईंच्या घरीं गरिबींतहि दासी होत्या, म्हणून त्यांस सहा तास मिळाले. ज्या बहिणीस पाणी भरून, खुरपणी करून एकच तास उरतो, तिनें तो एक तास द्यावा व पांच तासांचें ओझें मनावर घेऊं नये. मोठ्या मुलास धाकट्याचा गुरु करा. जें मोडेल तें पुन्हां आरंभा, पण हलकें करून. प्रत्येक लेंकरास आठवड्यांतून थोडा वेळ एकट्यास द्या. आणि स्वतःकरितां दार लावून बसण्याचा वेळ चोरून घेऊं नका, हक्कानें घ्या.

उपदेशकबंधूंनो, हा शेवटचा शब्द तुम्हांकरितां आहे. वेस्लीसाहेब एका आमेनाकरितां घर सोडून गेले, तेव्हां तो भार कोणावर पडला हें तुम्हीं वाचलें. तुम्ही गांवोगांव फिरून दुसऱ्यांच्या मुलांस शास्त्र शिकवितां. घरीं आल्यावर अर्धा तास पाटी आपल्या हातीं घ्या व त्या माउलीस म्हणा कीं, तूं आतां अंमळ बैस.